दहा तारखेची गाडी

मी एक जुनी पांढरी गाडी आहे. पांढरी म्हणते ते सवयीने. मस्कतच्या उन्हाने माझ्या टपाचा रंग केव्हाच उडवला आहे, आणि मागचा उजवा दरवाजा तर मूळचा माझा नाहीच. तो भंगारातून आणून बसवलेला आहे आणि नीट पाहिले तर जरा पिवळट दिसतो. पण मित्रांनो, आज मला माझ्या रंगाचे रडगाणे गायचे नाही. माणसाच्या नावाला डाग कसा लागतो आणि तो धुवायला काय काय करावे लागते, हे मी फार जवळून पाहिले आहे. जवळून म्हणजे किती, तर तो डाग मीच होते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. ताज्या रंगाचा वास आठवतो आणि थंडगार हवा आठवते, कारण तशी हवा पुन्हा कधी अंगाला लागली नाही. जहाजातून मी ओमानला आले. माझा पहिला मालक एक ओमानी मास्तर होता. स्वभावाने भला, पण ईदच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या मागच्या सीटवर चक्क बोकड बसवून आणला होता. तो वास जायला किती दिवस लागले ते मी सांगत बसत नाही. पुढे त्याने मोठी गाडी घेतली आणि मी जुन्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

२०१२ साली महमूदभाई मला पाहायला आले. मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. मस्कतमधल्या गाला या कारखाने-गॅरेजांच्या भागात एका व्यापाऱ्याकडे ते गाड्यांचे सुटे भाग विकायच्या कामावर होते. इतर गिऱ्हाइके माझ्या टायरला लाथ मारून बघत. महमूदभाईंनी बॉनेट उघडले, कान जवळ नेला आणि बराच वेळ नुसते ऐकले.

"आवाज खरा हाय हिचा," ते त्यांच्या बायकोला, साबेराभाभींना म्हणाले. मी त्याच क्षणी त्यांची झाले.

म्हणजे मला तसे वाटले. खरे तर महमूदभाईंजवळ माझी पूर्ण किंमत नव्हती. एका फायनान्स कंपनीने पैसे घातले आणि महमूदभाईंनी चार वर्षांच्या चेकांवर सह्या करून दिल्या. दर महिन्याला एक, आणि प्रत्येकावर तारीख दहा. आमच्याकडे गाडीच्या नोंदणीच्या कार्डाला मुलकिया म्हणतात. माझ्या मुलकियावर महमूदभाईंचे नाव आले, आणि त्याखाली त्या कंपनीचे. हप्ते फिटेपर्यंत मी दोघांची होते.

ते दिवस मात्र फार चांगले गेले. डिकीत क्लचप्लेटा आणि फिल्टरची खोकी भरून आम्ही समाईल, निझवा अशा गावांतली गॅरेजे पालथी घालायचो. शुक्रवारी मला धुतले जाई. एका ऑगस्टमध्ये तर आम्ही वाळवंट तुडवत थेट सलालाहला गेलो. महमूदभाईंची लेक हिबा तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. अर्ध्या वाटेवर तिने माझ्या कार्पेटवर उलटी केली आणि घाट उतरताना हिरवे डोंगर आणि धुके दिसताच काच खाली करून हात बाहेर काढला. "अब्बा, इट्स लाइक गाव," ती म्हणाली. तिला मराठी कळायचे, पण बोलताना अर्धे शब्द इंग्रजीतच येत. तिथल्या माडांखाली शहाळी पिताना महमूदभाईंनी माझ्या बॉनेटवर थाप मारली. "एवढी लांब आली, पण एकदा कुरकुरली नाय," असे ते तिथल्या अनोळखी माणसांनाही सांगत होते. कौतुक कुणाला आवडत नाही?

गालात महमूदभाईंच्या शब्दाला मोल होते. त्यांच्या एका फोनवर दुकानदार हजारभर रियालांचा माल सोडत. गावचा कुणी अडला, कुणाच्या घरी मयत झाली, की पहिली नोट त्यांच्या खिशातून निघे. त्यांचा पगार रोख मिळायचा, पाकिटात. तोही अर्बाब, म्हणजे मालक, देईल तेव्हा. कधी एक तारखेला, कधी आठ तारखेला, इन्शाल्ला. पाकीट मिळाले की महमूदभाई मला घेऊन फेरी काढत. किराणावाला, हिबाच्या शाळेची बस, गावच्या जमातीचा फंड, मागच्या महिन्यात ज्याच्याकडून काही घेतले असेल तो. कुणाचे देणे त्यांनी रात्रभर ठेवले नाही. फेरी संपेपर्यंत पाकीट पार चपटे झालेले असे आणि मग त्यांना दहा तारीख आठवे.

फायनान्स कंपनीत तय्यब नावाचा रायगडचा तरुण होता. महमूदभाई त्याला फोन लावत.

"तय्यब, चेक टाकू नको रे. मी कॅश घेऊन येतो."

"महमूदभाई, तुमचा चेक मी टाकीन काय? आरामात या."

मग कधी अठरा तारखेला, कधी पंचवीसला आम्ही जायचो. सोबत साबेराभाभींच्या हातचे लोणचे नाहीतर तळलेली सुरमई. तय्यब खाली येई, माझ्या खिडकीशी दोघांचा चहा होई, पैसे दिले जात, पावती मिळे. एकही हप्ता बुडला नाही. दोघांनाही वाटे, आपली माणसे असली की परदेशातसुद्धा कसे सगळे सोपे होते.

२०१५च्या उन्हाळ्यात निझव्याच्या उस्मानचाचांनी महमूदभाईंना बोलावून घेतले. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे सुट्या भागांचे दुकान होते. जन्म त्या दुकानात गेलेला, आता गुडघे बोलू लागले होते आणि त्यांना दापोलीला परतायचे होते.

"दुकान तुलाच देणार," ते माझ्या दाराला टेकून म्हणाले. "परवाना ज्याच्या नावावर हाय त्या ओमानी अर्बाबशी बोलून ठेवलंय, तो तयार हाय. अर्धे पैसे आता दे, अर्धे दुकानच फेडील. पण अर्धे लागतील, महमूद. मला गावात घर बांधायचंय."

परतताना महमूदभाई गुणगुणत होते. आयुष्यभर दुसऱ्याचा माल दारोदार फिरवणाऱ्या माणसाला स्वतःचे शटर मिळणार होते. अर्ध्या पैशांसाठी बँकेचे कर्ज काढायचे, एवढेच बाकी होते. सारा गाला ज्याला ओळखतो त्याला बँक नाही कशाला म्हणेल?

बँक नाही म्हणाली.

मी बाहेर उभी होते. काचेच्या दारातून ते आले, आत बसले आणि त्यांनी एसी लावलाच नाही. जून महिना होता. घाम कानशिलावरून ओघळत होता, तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. मग साबेराभाभींना फोन केला.

"गाडीचे हप्ते उशिरा भरले म्हणतात. एक-दोन नाय, जवळजवळ सगळेच. मला म्हणतात, तुमचा रेकॉर्ड चांगला नाय."

मित्रांनो, मी इंजिन बंद असून थरथरले. मी? त्या साऱ्या वर्षांत मी रस्त्यात एकदा बंद पडले नव्हते, आणि या देवमाणसाच्या नावासमोर वाईट म्हणून जे लिहिले होते, ते माझे नाव होते. मला इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना.

महमूदभाई हट्टाला पेटले. त्याच आठवड्यात त्यांनी आणखी दोन बँका गाठल्या. दोन्हीकडे अर्ज दिले, दोन्हीकडे नकार. तिसऱ्या बँकेतून परतताना मी सिग्नलला मुद्दाम जरा झटका दिला, की यांनी आता थांबावे. त्यांनी प्लग बदलले. गाडीचे मन कुणाला कळते?

पुढे काही दिवसांनी खाते पाहायला आम्ही पुन्हा पहिल्या बँकेपाशी गेलो, तर शेजारी एक लाल गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्यापुढे एक मुलगी कपाळाला हात लावून. इकडच्या उन्हात बॅटऱ्या अशाच न सांगता जातात. महमूदभाईंनी विचारायच्या आधीच डिकीतून जंप केबल काढली. माझे बॉनेट उघडले, माझी बॅटरी तिच्या बॅटरीला जोडली आणि आम्ही वाट पाहत राहिलो. बोलता बोलता कळले, मुलगी त्याच बँकेत कर्ज विभागात होती. नाव जॅस्मिन, वसईची.

"मराठी बोलता तुम्ही? मग मला सांगा," महमूदभाई म्हणाले, "अख्ख्या गालात विचारा महमूद कसा माणूस हाय. मी कुणाचा पैसा बुडवला असंल तर ही गाडी इथंच सोडून जाईन. मग तुमच्या बँकेला माझ्यावर भरवसा का नाय?"

जॅस्मिनने जरा विचार केला. "महमूदभाई, तुम्ही चांगले आहात ते मला दिसतंय ना. या उन्हात कोण थांबतं? पण बँकेला ते दिसत नाही. तिला फक्त तारीख दिसते. दहाचा हप्ता पंचवीसला भरला तर तिथे उशीर म्हणूनच जातो, आणि तो सगळ्या बँकांना दिसतो."

"पण तय्यबनं सांगितलं होतं की..."

"तय्यबनं चेक थांबवला. तारीख कशी थांबवणार?"

महमूदभाईंनी केबलचा चिमटा उगीचच दाबून पाहिला. माझी बॅटरी मात्र मन लावून काम करत होती. खरे सांगायचे तर मला ती मुलगी आवडली होती.

"आणि आता कुठे अर्ज करू नका," ती पुढे म्हणाली. "तुम्ही तीन ठिकाणी विचारलंत, तेही नोंद होतं. बघणाऱ्याला वाटतं, माणूस फार अडचणीत आहे. बरं, क्रेडिट कार्ड वगैरे काही आहे?"

महमूदभाईंनी माझा डॅशबोर्डचा खण उघडला. त्यात टायरचे बिल, हिबाची तुटलेली क्लिप आणि अजून कागदाला चिकटलेले एक कोरे करकरीत कार्ड होते. "मॉलमध्ये एक पोरगा मागं लागला, फ्री हाय म्हणाला. वापरलं पण नाय कधी. खलास, फेकून देऊ?"

"फेकू नका," जॅस्मिन हसली. "याची वर्षाची फी लागली असेल आणि तिच्यावर दंड. ते भरा आणि कार्ड रीतसर बंद करून घ्या. तसं लिहून पण घ्या त्यांच्याकडून. आणि गाडीचा एक हप्ता कायम खात्यात पुढे ठेवा. पगार कधीही येऊ दे, दहा तारखेला पैसे तिथे पाहिजेत. वर्षभर, दीड वर्ष असं केलंत ना, तर परत या. मी प्रॉमिस नाही करत. पण तेव्हा कागद वेगळा दिसेल."

लाल गाडी सुरू झाली. महमूदभाई केबल गुंडाळत बराच वेळ उभे होते.

त्याच संध्याकाळी आम्ही चहाच्या दुकानापुढे थांबलो. इकडे गाडीतूनच हॉर्न दिला की चहा खिडकीपाशी येतो. तय्यब शेजारच्या सीटवर बसला होता.

"तय्यब, पुढच्या महिन्यापास्नं माझा चेक तारखेलाच टाक."

"का? माझं काय चुकलं, महमूदभाई?"

"तुझं काय चुकणार? तू माझं भलंच बघितलंस. पण ते वर कुणाला दिसत नाय रे. मी फोन केला तरी ऐकू नको."

तय्यबचा चेहरा पडला. चहा निम्मा टाकून तो उतरला. त्या दोघांत पुन्हा पहिल्यासारखे बोलणे व्हायला खूप दिवस गेले.

उस्मानचाचा म्हणाले, "पुढच्या वर्षीची थंडी पडेपर्यंत थांबतो. त्यापुढं नाय जमणार." आता एका हप्त्याएवढे पैसे जास्तीचे उभे करायचे होते आणि कार्डाचा दंडही भरायचा होता. ते गावी जायच्या तिकिटांसाठी साठवलेल्या पैशांतून आले. त्या वर्षी साबेराभाभींच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. लग्नाच्या दिवशी तिघे माझ्यात बसून समुद्रावर गेले. हिबा मागच्या सीटवर कुणाशी बोलली नाही. साबेराभाभींनी मोबाईलवर हळदीचे फोटो पाहिले आणि मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. महमूदभाईंनी विचारले, आइस्क्रीम खायचे का, तर दोघी नको म्हणाल्या.

मग खरी परीक्षा आली. तेलाचे भाव पडले, गालातली कामे मंदावली, अर्बाबचा पगार लांबू लागला. अशाच एका नऊ तारखेला गावचा इम्रान आमच्या इमारतीखाली आला. वेल्डरचे काम करणारा, एकटा राहणारा तरुण. त्याची आई इस्पितळात होती आणि तिकिटाला पैसे नव्हते. महमूदभाईंच्या खात्यात नेमका एक हप्ता होता, उद्याचा. त्यांनी एटीएमसमोर मला उभे केले आणि दार उघडले. उतरणार, तोच शेजारी बसलेल्या साबेराभाभी बोलल्या.

"हिबाचे अब्बा, तुम्हीच का?"

"काय म्हणतेस? त्याची आई हाय."

"आई हाय म्हणूनच म्हणते. तिकीट आजच निघालं पाहिजे. पण ते तुमच्या एकट्याच्या खिशातनंच निघालं पाहिजे असं कुठं हाय? गालात गावची चाळीस माणसं हायत. दुसऱ्याकडं मागायला तुम्हाला कमीपणा वाटतो. देताना बरं वाटतं तुम्हाला."

मागे इम्रान मान खाली घालून बसला होता. महमूदभाई लाल झालेले मी आरशात पाहिले. असे त्यांना कुणी कधी बोलले नव्हते. बराच वेळ दार उघडेच राहिले आणि माझा इंडिकेटर टिकटिकत राहिला. शेवटी त्यांनी दार ओढून घेतले.

आम्ही गालातल्या गल्ल्यांतून फिरलो. प्रत्येक शटरपुढे महमूदभाई उतरत आणि सांगत, "माझा हात आज बांधलेला हाय. इम्रानच्या आईसाठी मागायला आलोय." पहिल्या दुकानात त्यांचा आवाज बसला होता. पुढे पुढे तो सुटला. कुणी पाच रियाल दिले, कुणी दहा. एकाने विचारले, "महमूदभाई, तुम्ही मागताय?" आणि दुप्पट दिले. दुपारपर्यंत तिकीट झाले. इम्रानला विमानतळावर मीच सोडले. दुसऱ्या दिवशी, दहा तारखेला, चेक वटला.

असे महिने गेले. मध्येच निझव्याहून फोन आला, की एक जण सगळे पैसे रोख मोजून द्यायला तयार आहे. उस्मानचाचांचा आवाज कसनुसा होता. महमूदभाई म्हणाले, "चाचा, तुम्हाला घर बांधायचंय. तुम्ही अडू नका." त्यानंतर पुढचे कित्येक दिवस त्यांनी गुणगुणणे सोडले होते. दहा तारीख मात्र सोडली नाही. दुकान मिळो न मिळो, आता त्यांना ते नाव धुवायचेच होते. उस्मानचाचांनीही त्या माणसाला होकार दिला नाही. थंडीपर्यंत म्हणालो होतो, म्हणाले.

२०१६च्या नोव्हेंबरात माझा शेवटचा चेक वटला. स्वतः तय्यबने खाली येऊन कर्ज फिटल्याचा कंपनीचा कागद खिडकीतून दिला. "सतरा महिने एकदा पण उशीर नाय," तो म्हणाला आणि आत बसला. चहाही पूर्ण प्यायला. नवे मुलकिया आले. त्यावर एकच नाव होते. मी महमूदभाईंची झाले, पुरती.

मग बँक. या वेळी काचेच्या दारातून महमूदभाईंच्या मागोमाग जॅस्मिनही बाहेर आली. कर्ज मंजूर झाले होते. मागितले होते त्याहून थोडे कमी, पण मंजूर. महमूदभाई माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. तो हात थापटत नव्हता, नुसता टेकलेला होता. तेव्हाच मला कळायला हवे होते.

जे कमी पडत होते, ते माझ्या किमतीएवढे होते.

त्या शुक्रवारी त्यांनी मला समुद्रावर नेऊन स्वतःच्या हाताने धुतले. हिबाने मागच्या काचेवरचे तिचे जुने स्टिकर नखाने खरवडून काढले आणि काढता काढता रडू लागली. "अब्बा, शी इज अवर्स नाऊ. आत्ता का विकायची?" महमूदभाईंनी तिला जवळ घेतले. "आपली झाली म्हणूनच विकता येते, बेटा." ते स्वतःही रडत होते.

मला इम्रानने घेतले, तय्यबच्याच कंपनीच्या हप्त्यांवर. त्याची आई बरी झाली होती आणि तो कामावर परतला होता. महमूदभाईंनी त्याला माझा प्रत्येक दोष सांगितला. पिवळट दरवाजा, थंडीत रुसणारा पंप, अगदी ओमानी मास्तरचा बोकडसुद्धा. जंप केबल डिकीतच ठेवली. जाताना म्हणाले, "आवाज खरा हाय हिचा. हप्ता दहा तारखेला हाय. तय्यबला फोन करायचा नाय."

आता माझ्या मुलकियावर पुन्हा दोन नावे आहेत. मी म्हातारी झाले आहे, आतून पूर्वीसारखा दम उरलेला नाही. पण इम्रान तारीख चुकवत नाही, आणि तो विसरू नये म्हणून निझव्याहून आदल्या दिवशी फोन येतो. मागे शटर उघडल्याचा आवाज असतो. "इम्रान, उद्या दहा हाय," एवढेच बोलून तो ठेवला जातो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही नावावर गाडी, घर, दुकान असे काही ना काही येईल. आम्हा वस्तूंना तेल-पाणी करा, धुवा, पुसा. पण आमच्यासाठी जो शब्द तुम्ही कागदावर दिलेला असतो, तोही जपा. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिले नाही, त्यांना तुमची ओळख आमच्यावरून होत असते, आणि आमच्यामुळे तुमची मान खाली गेली तर आम्हाला ते सोसत नाही. मला एवढेच मागायचे आहे.

माझी मात्र तक्रार नाही. रस्त्यावर हजारो गाड्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणी कधी कुणाच्या पूर्ण होतच नाहीत. मी झाले होते. आठवडाभरच, पण मुलकियावर तेव्हा एकच नाव होते आणि त्या नावाला डाग नव्हता.